गच्चीवरच्या ड्रममधला नाग

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मला माझंच घर दिसायला लागलं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, तीन वर्षं साप पकडतो. गावात साप निघाला की लोक आधी त्याला फोन करतात. गेले दोन महिने साडेतीन-चार फुटांचा एक नाग गच्चीवर निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये आहे, शिवाय अधूनमधून बरणीत आणखी एखादा असतो. भाऊ म्हणतो, हा नाग आता मला ओळखतो, हातावर घेतला तरी फणा काढत नाही, एकदम शांत झालाय. त्याचे व्हिडिओही तो इन्स्टाग्रामवर टाकतो. आईची झोप उडालीय आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी जाणार आहात. तुम्ही विचारलंय की नागाचे दात काढून टाकले तर चालेल का, वनखात्याला कळवलं तर भावावर केस होईल का, आणि त्याऐवजी कायदेशीर मिळणारा परदेशी बॉल पायथन घेऊन दिला तर हा नाद सुटेल का.

मी सांगली जिल्ह्यातला. पोटापाण्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि ३१ वर्षं साप पकडतोय. आमच्याकडे उसाचा पट्टा, त्यामुळे तोडणी सुरू झाली की दिवसाला तीन-तीन कॉल येतात. तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो. पण माझ्या मते खरा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्यात आहे: 'शांत झालाय.' भावाला धोका आहे तो या दोन शब्दांत.

काही गोष्टी इथे बसून मला सांगता येणार नाहीत, त्या आधीच सांगून टाकतो. नाग जखमी होता म्हणून ठेवला की नुसताच ठेवला, भावाकडे वनविभागाचं काही ओळखपत्र आहे का, तो साप कुणाला देतो-घेतो का, त्यात पैसा आहे का, यावर पुढचं बरंच काही ठरेल. नांगराचा फाळ लागलेला साप दोन दिवस ठेवून वनपालाला कळवणं वेगळं आणि दोन महिने ड्रममध्ये ठेवून रोज संध्याकाळी व्हिडिओसाठी बाहेर काढणं वेगळं. तुमच्या लिहिण्यावरून मला दुसरंच दिसतंय. तसं नसेल तर उत्तम, माझं लिहिणं त्या मानाने कमी करून घ्या.

आता तो फणा. भाऊ खोटं बोलत नाहीये. रोज हाताळलेला नाग काही दिवसांनी खरंच फणा काढायचा कमी होतो. त्याला आपण 'ओळखतो' म्हणतो, पण होतं असं की दररोज तोच झटका, तीच हालचाल, पळायला वाट नाही, फणा काढून उपयोग नाही, म्हणून तो फणा काढायचं सोडून देतो. चावायचं सोडत नाही. फणा ही नागाने दिलेली घंटा असते: लांब हो, मला त्रास देऊ नको. घोणस शिट्टी फुटल्यासारखी फुसफुसते, फुरसं खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, नाग उभा राहतो. मण्यार मात्र बहुतेकदा काहीच करत नाही, म्हणून आम्ही मण्यारीला जास्त घाबरतो. भावाने दोन महिन्यांत काय केलं असेल तर नागाची घंटा काढून ठेवली, बाकी नाग होता तसाच आहे.

आणि सराव एकाला झालाय, तो भावाला. पहिल्या महिन्यात तो हुकने उचलत असेल, शेपटी धरून डोकं लांब ठेवत असेल. आता मनगटावर घेतो. उद्या कुणी 'भारी रे' म्हटलं की गळ्यात घेईल. हे मी त्याला नावं ठेवायला लिहीत नाही, मी स्वतः याच जिन्याने वर गेलोय.

२००४ ची गोष्ट. डिसेंबर. एका शाळेत सापांची माहिती सांगायला बोलावलं होतं, म्हणून तीन दिवस आधी पकडलेला नाग मी बरणीत ठेवला होता. तेव्हा सगळेच तसं करायचे. कार्यक्रमाच्या सकाळी झाकण उघडलं तर नाग वेटोळं घालून गप्प. हात लावला, हलला नाही. मी मनात म्हटलं, माणसाळला. बरणी अंगणात उन्हात ठेवली, चहा प्यायलो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याला कापडी पिशवीत भरायला म्हणून हात घातला, त्याच निवांतपणाने, आणि त्याने उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात दात रोवले. रोवून चावला, सोडेना.

झालं होतं एवढंच की रात्रभर फरशीवर ठेवलेल्या बरणीत तो गारठला होता. सापाला अंगची ऊब नसते, बाहेरच्या उन्हावर त्याचं सगळं चालतं. मी ज्याला शांतपणा समजलो ती थंडी होती आणि मीच त्याला उन्हात ठेवून जागं केलं. अर्ध्या-पाऊण तासाने पापण्या जड झाल्या. दवाखान्यात छताला एक ट्यूबलाइट होती, मला दोन दिसायला लागल्या. डॉक्टरांना नाव सांगताना जीभ टाळ्याला चिकटत होती. पुढचं मला आठवत नाही, दोन दिवस व्हेंटिलेटरवर होतो. जीव वाचला, पण नागाचं विष नसा लुळ्या करतंच, शिवाय मांसही कुजवतं. बेचक्यातली कातडी काळी पडली, कापावी लागली. आजही उजवा अंगठा पूर्ण वळत नाही. वाइंडिंगची बारीक तार मी डाव्या हाताने धरतो आणि गिऱ्हाईक विचारतं, मालक डावखुरे आहात का?

म्हणून भावाला विचारा, नाग शांत असतो तो दिवसाच्या कोणत्या वेळी? ड्रम सावलीत असतो का? पाणी कधी बदललं? शेवटचं कधी खाल्लं? दोन महिने ड्रममधला नाग बघायचा कसा तेही सांगतो, म्हणजे तो लांबून बघेल. डोळे दुधाळ दिसतात का? कोरड्या जागी कात तुकड्यातुकड्याने निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहतो, साप अर्धा आंधळा होतो. तोंडाचं टोक लाल, सोललेलं आहे का? ड्रमच्या गुळगुळीत भिंतीवर वाट शोधत नाक घासून घासून तसं होतं. तोंड किंचित उघडं, कडेला पिवळसर पू? अंगावर चिमटीत धरल्यासारखी कातडीची घडी राहते का? यातलं एक जरी दिसलं तरी तो नाग शांत झालेला नाही, आजारी पडलाय. आजारी जनावर गप्प असतं, हे गाई-म्हशी असणाऱ्या घरात कुणाला शिकवायला नको.

आता दातांचं. नको. कुणालाही करू देऊ नका. गारुडी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले, त्यामुळे लोकांना वाटतं एकदा दात काढला की नाग म्हणजे दोरी. नागाच्या विषदंतामागे राखीव दात रांगेत तयार असतात. एक पडला की दुसरा जागेवर येतो, तोही फार दिवस न लावता. विषाची पिशवी डोळ्याच्या मागे असते, ती दात काढून रिकामी होत नाही. म्हणजे काय होतं, तर हिरडी फाटलेला, तोंडात पू झालेला नाग आणि 'याला दात नाहीत' अशा भरवशावर हात घालणारी माणसं. याहून वाईट जोडी मला सुचत नाही. वर प्राण्याला क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा वेगळाच.

तुमच्या भावासारखी पोरं आणखी एक सांगतात: मला दोनदा चावलाय, काही झालं नाही, अंगात ताकद आलीय. मायामीच्या बिल हास्ट यांचं नावही तो घेईल. त्यांनी वर्षानुवर्षं मोजून-मापून विषाच्या बारीक मात्रा टोचून घेतल्या, १७० हून अधिक चावे पचवले आणि १९१० ते २०११ असं शंभर वर्षांचं आयुष्य जगले. खरं आहे. पण ते सापाचं विष काढण्याचा धंदा करणारे जाणकार होते, आणि एवढं करूनही त्यांच्या हाताच्या बोटांची वाताहत झालीच. या पोरांना 'काही झालं नाही' ते चावे बहुधा कोरडे असतात. साप दरवेळी विष सोडतोच असं नाही. उलट वारंवार चावलेल्या माणसाला विषाचीच ॲलर्जी होऊ शकते आणि मग पुढच्या चाव्याला विष चढायच्या आधी रक्तदाब कोसळतो. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात, त्याचीही रिॲक्शन येऊ शकते. म्हणजे अनुभवाने चावा सोपा होत जातो, असं धरून चालू नये.

नावाजलेली माणसंही यातून सुटलेली नाहीत. जो स्लोविन्स्की हे अमेरिकेचे मोठे सर्पतज्ज्ञ, २००१ च्या सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या जंगलात होते. सहकाऱ्याने पिशवी पुढे केली, आत बिनविषारी साप आहे या समजुतीने त्यांनी हात घातला. आत मण्यारीच्या जातीचा साप होता. सोबतच्यांनी तासन्‌तास तोंडाने श्वास दिला, तरी दुसऱ्या दिवशी ते गेले. आपल्याकडे बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांची अशीच गल्लत होते, भावाला हे कळेल. केरळचे वावा सुरेश यांना तर देशभर ओळखतात. २०२२ च्या जानेवारीत कोट्टायम जिल्ह्यात नाग पोत्यात भरताना मांडीला चावला आणि तेही व्हेंटिलेटरपर्यंत जाऊन आले. दोघांच्याही गोष्टीत चूक पिशवी-पोत्याच्या तोंडाशी झाली, माझ्याही. सापाला एका भांड्यातून दुसऱ्यात घालण्याचा क्षण सगळ्यात वाईट, आणि साप घरात ठेवला की तो क्षण रोज येतो. पकडून सोडणाऱ्याला तो एका सापामागे दोनदाच येतो.

इथे थोडं विषयांतर करतो. माझं आजोळ बत्तीस शिराळ्याकडचं. नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस लोक रानातून नाग धरून आणायचे आणि घरात मडक्यात ठेवायचे. मी लहानपणी ती मडकी बघितलीत, तोंडाला फडकं बांधलेली, देवघराजवळ. त्यामागे श्रद्धा होती, पैसा नव्हता, आणि सण झाल्यावर नाग परत सोडायचे. तरी मडक्यातून निघालेले नाग किती थकलेले असत हे मी पाहिलंय. न्यायालयाच्या आदेशांनंतर ते सगळं थांबलं आणि २०२५ मध्ये शैक्षणिक कारणासाठी म्हणून केंद्राने नाग धरायला मर्यादित परवानगी दिली, त्यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत.

मडक्यात नाग ठेवणारी दुसरी माणसं म्हणजे तमिळनाडूतले इरुळा आदिवासी. चेन्नईजवळ १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था आहे. सरकारी परवान्याने ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं पकडतात, तीन-चार आठवडे मातीच्या मडक्यात ठेवतात, तेवढ्यात चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि सोडून देतात. खूण असलेला साप लगेच पुन्हा सापडला तर घेत नाहीत. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तिथून येतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हाच धंदा, ते नागाला महिन्याच्या वर ठेवत नाहीत आणि गरजेपेक्षा जास्त हात लावत नाहीत, एवढं भावाच्या कानावर घाला. आणि १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते, ती कहाणी त्याला माहीत असेलच. आमची पिढी त्याच कहाणीवर वाढली. पण त्यांना दाखवायचं होतं की डिवचलं नाही तर साप चावत नाही. आम्ही पोरांनी त्यातून शिकलो की साप अंगावर घेतला की टाळ्या मिळतात.

आता कायदा. मी वकील नाही, पण ३१ वर्षांत वनविभागाच्या कार्यालयात बराच चहा प्यायलोय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दात मारणं जसं येतं तसं पकडणं, सापळा लावणंही येतं. म्हणजे कागदावर बघितलं तर मी रोज शिकार करतो. वस्तीत निघालेला साप उचलून रानात सोडणं चालवून घेतलं जातं, कारण माणसाचा जीव वाचतो, सापाचा वाचतो आणि वनरक्षकाला चाळीस गावं सांभाळायची असतात. ही सवलत साप सोडेपर्यंतची आहे. नाग संरक्षित प्राणी आहे. परवानगीशिवाय घरात ठेवला की गुन्हा, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि पुरावा भावाने स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकून ठेवलाय, तारखेसकट.

केस होईल का? ते अधिकाऱ्यावर, व्हिडिओंवर आणि पैशाचा व्यवहार निघतो का यावर आहे, मी हमी देणार नाही. पण माझ्या पाहण्यात स्वतः फोन करून 'साप आहे, ताब्यात घ्या' म्हणणाऱ्या पोराला बहुतेकदा दम देऊन, लिहून घेऊन सोडलंय. छापा पडून सापडलेल्याची गोष्ट वेगळी झालीय. म्हणून कळवायचंच, पण शक्यतो तुम्ही नाही, त्याने कळवावं. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, किंवा सरळ तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावं.

घरात नाग असण्याचा आणखी एक धोका आहे, लिहावा की नको असं वाटत होतं. केरळमध्ये कोल्लम जिल्ह्यात २०२० साली एका नवऱ्याने साप पकडणाऱ्याकडून आधी घोणस आणि मग नाग विकत घेऊन झोपलेल्या बायकोला मारलं. दुसऱ्या वर्षी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ज्याने साप दिला त्यालाही पोलिसांना तोंड द्यावं लागलं. भाऊ असं काही करेल असं मला म्हणायचं नाही, पण घरात ड्रममध्ये नाग आहे हे गावाला माहीत असतं. 'दोन दिवस दे, कार्यक्रमाला हवाय' म्हणून मागायला येणारा माणूस खरंच कशाला मागतोय ते कसं कळणार?

बॉल पायथनचा विचार तुम्ही मायेने केलाय, हे मला कळतं. तो पश्चिम आफ्रिकेचा छोटा अजगर. विष नाही, चार-पाच फुटांवर वाढत नाही, भित्रा, त्रास दिला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. आपला भारतीय अजगर ठेवणं हा गुन्हाच आहे, हा मात्र कागदपत्रांसकट ठेवता येतो. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली, २०२४ मध्ये तिचे नियम आले, आणि ती नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लू झालं, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. विकणारा 'नोंद नंतर होते हो' म्हणाला तर तिथूनच उठा. त्याला नीट ऊब लागते, दडायला जागा लागते, खायला उंदीर लागतात आणि मर्जी फिरली तर तो दोन-तीन महिने तोंड उघडत नाही. आयुष्य वीस-तीस वर्षांचं. भावाचं लग्न होईल, मुलं दहावीला जातील, तेव्हाही त्याच्यासाठी उंदीर आणावे लागतील.

पण माझा नकार याच्यासाठी नाही. नीट पाळणारी मंडळी मी पाहिलीत, त्यांना मी नावं ठेवत नाही. भावाला अजगराची हौसच नाही. त्याला हवी आहे ती छातीतली धडधड आणि समोरच्यांच्या डोळ्यांतलं कौतुक. दिवसभर लाकडाखाली गोळा होऊन बसणारं जनावर त्याला ते देणार नाही. महिनाभरात कंटाळेल, आणि मग कुणीतरी त्याला ग्रुपवर परदेशी विषारी सापाचा फोटो पाठवेल. तिथे मला खरी भीती वाटते. आपल्याकडचं प्रतिविष चारच सापांवर बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आंबोलीच्या बाजूला सापडणाऱ्या चापडा या विषारी सापावरसुद्धा ते नीट चालत नाही, मग आफ्रिकेच्या मांबावर किंवा अमेरिकेच्या रॅटलस्नेकवर काय चालणार? मायामीत अग्निशमन दलाकडे खास तुकडी आहे, ती देशोदेशीच्या सापांचं प्रतिविष साठवून ठेवते, कारण तिथे लोक असले साप घरात ठेवतात. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साध्या नागासाठी पुरेशा कुप्या आज आहेत का, हे आधी विचारावं लागतं.

ते खरंच विचारून ठेवा, आजच. नागाचं विष एका चाव्यात ६० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं आणि १० मिलीची एक कुपी त्यातलं साधारण ६ मिलिग्रॅम निकामी करते, म्हणून डॉक्टर सुरुवातच ८-१० कुप्यांनी करतात. नागाच्या बाबतीत श्वास बंद पडतो, म्हणून व्हेंटिलेटर असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं तेही माहीत हवं. नको ते घडलंच तर हाताला दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, देवळात न्यायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, हात फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं. वेळ लिहून ठेवायची. आईला हे तोंडपाठ करायला सांगा, कारण चावेल तेव्हा भाऊ शुद्धीत असेलच असं नाही.

ड्रमचं आजपुरतं असं करा. तुम्ही किंवा आईने झाकण उघडायचं नाही, ड्रम हलवायचा नाही, आत औषध किंवा गरम पाणी ओतायचं नाही. भावाला सांगून ड्रम सावलीत घ्यायला लावा, झाकणाला बारीक छिद्रं आहेत आणि ते नीट बसतंय हे तोच बघेल, वर वजन ठेवा. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली आईकडे. मुलीला घेऊन तुम्ही, नाग गेल्याशिवाय, माहेरी जाऊ नका. मुलं झाकण दिसलं की उघडतात, त्यांना दोष नाही. आणि भावाने घाबरून रातोरात कुठेतरी लांब घाटात नेऊन सोडू नये. अनोळखी रानात सोडलेला साप वाट शोधत फिरत राहतो, गाडीखाली येतो, माणसांत शिरतो. शिवाय दोन महिने ड्रममध्ये राहिलेला नाग आधी पशुवैद्याला दाखवायला हवा. ते वनविभागाच्या हाताने होऊ द्या.

भावाशी बोलायचं कसं? आई रडली की तो ऐकणार नाही, आई सगळ्यांचीच रडते. पोलिसाची भीती घातली तर ड्रम मित्राच्या शेतात जाईल. तुम्ही थोरली बहीण आहात, त्याच्या चांगल्या कामाने सुरुवात करा. तीन वर्षांत त्याने किती घरांतले साप काढले, किती साप काठीने मरायचे वाचवले, हे त्याला कुणी मोजून दाखवलेलं नसतं. मग विचारा, वही आहे का?

माझी पहिली वही २००५ ची आहे, हॉस्पिटलमधून आल्यानंतरची. तारीख, कॉल कुठून आला, कुणाच्या घरात, जात कोणती, लांबी, जखम, किती वाजता पकडला, कुठे सोडला, किती वाजता. पकडल्याची आणि सोडल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहिली की दोन्हींतलं अंतर आपलं आपल्याला दिसतं. माझ्या वहीत 'घरी ठेवला' असा रकाना नाही, त्यामुळे ठेवायचं झालं तर लिहायलाच जागा नसते. नोंद झालेली वही घेऊन वनपालाकडे गेलं की तोही पोराला वेगळ्या नजरेने बघतो. केरळने हेच मोठ्या प्रमाणावर केलंय. तिथे वनविभागच प्रशिक्षण देऊन परवाना देतो, सर्पा नावाच्या ॲपवर जवळचा परवानाधारक दिसतो, आणि साप हाताने खेळवणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो. आपल्याकडेही सगळीकडे तसं व्हावं म्हणून आम्ही काही जण मागे लागलोय.

नाग एकदा गेला की भावाला पोकळी जाणवेल, चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तेव्हा त्याला माझ्याकडे पाठवा. हुकने आणि तोंडाला पाइप लावलेल्या पिशवीने, हात न लावता साप पिशवीत कसा जातो ते दाखवतो. हे काम दिसायला साधं आहे, त्यावर व्हिडिओ चालत नाहीत. तोडणीचा हंगाम सुरू होतोय, मला जोडीला माणूस हवाच आहे, कारण नियमाने एकट्याने कॉलला जायचं नसतं आणि माझा अंगठा तुम्हाला सांगितलाच. येताना वही आणायला सांगा, कोरी असली तरी चालेल. दुकान सकाळी दहाला उघडतं.